गेटवर काढलेले नऊ महिने

सगळ्यात अवघड वाक्य आधीच लिहून टाकतो. मी ड्रायव्हर आहे, आणि भर दुपारी, मागे अठ्ठावीस माणसं बसलेली असताना मला स्टिअरिंगवर झोप लागली.

माझं नाव विलास. राहायला अमरावती रोडवरच्या वाडीला, आणि एकोणीस वर्षांपासून हिंगण्याच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवतो. दारूला शिवत नाही, तंबाखू नाही, गाडीला कधी ओरखडा नाही. त्या दिवशी सुटलेली फर्स्ट शिफ्ट घरी सोडायला निघालो, फेब्रुवारीचं ऊन डोळ्यांवर होतं. त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम धक्क्यापासून. बस दुभाजकावर चढून तिरकी उभी होती. पॅकिंगमधल्या एका बाईचा दात पडला होता आणि एका फिटरच्या कपाळाला टाके घालावे लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "विलासभाऊ पिऊन होते का गा?"

त्या प्रश्नाचा राग मला आजही येतो. पण पिऊन असतो तर निदान झालं काय ते तरी मला कळलं असतं. मला काहीच कळत नव्हतं. रात्री आठ तास झोपणारा माणूस दुपारी मेल्यासारखा का झोपतो?

काट्यावर

कंपनीने दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सिस्टरने मला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. एकशे अकरा. बाकावरच्या सगळ्यांनी माना वर करून पाहिलं. मग रक्त घेतलं, तर साखरही वाढलेली निघाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोपेत घोरता का?"

मी म्हणालो, "नाही जी."

माझी बायको रेखा शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "काहून खोटं बोलून राहिले? डॉक्टर, मी पाच वर्षांपासून स्वयंपाकघरात झोपते."

साखरेसाठी चार दिवस भरती केलं. त्यातली एक रात्र अंगभर तारा चिकटवून झोपायचं होतं, झोपेची तपासणी म्हणून. दवाखान्याचे दिवस सगळे सारखेच. पहाटे बोट टोचायचं, मग बिनसाखरेचा चहा, मग अळणी उपमा, मग पुन्हा बोट. भेटायला येणारे मात्र रिकाम्या हाताने आले नाहीत. कोणी केळी आणली, कोणी चिकू, आणि माझ्या साळ्याने संत्र्याची बर्फी आणली, अर्धा किलो. साखर वाढून पडलेल्या माणसाच्या उशाशी ते खोकं ठेवून तो म्हणाला, "भाऊजी, तब्येतीकडे पाहा."

चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. झोपेत माझा श्वास सारखा अडकतो. मला वाटतं मी झोपलो, शरीर मात्र रात्रभर हवेसाठी झटत असतं आणि राहिलेली झोप दिवसा वसूल करतं. नाकाला लावायचं एक मशीन मिळेल, त्याचा आधार होईल. पण मानेवरची आणि पोटावरची चरबी मलाच उतरवावी लागेल.

"अन् गाडी?" मी विचारलं.

"तोवर गाडी नाही. मी सही करणार नाही."

 घरी आल्यावर मला मरणाची भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटली ती बस जाण्याची. त्या बसशिवाय मी कोण, हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

गेट

मॅनेजर साहेबांनी सहा महिने दिले. तेवढ्यात डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट आणलं तर बस, नाहीतर गेटची ड्युटी कायमची. हातात शिट्टी आली. येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा आणि आडवा दांडा वर करायचा.

माझी बस देवरावला दिली. देवराव आणि मी एकाच वर्षी कामाला लागलो. पहिल्या सकाळी तो बस घेऊन गेटवर आला, पण हॉर्न वाजवला नाही. नुसता थांबला. मी दांडा वर केला आणि दुसरीकडे पाहिलं. त्याने खिडकीची काच खाली केली.

"काहून तोंड फिरवतं गा? तुही गाडी हाये. मी फक्त सांभाळून राहिलो."

मी म्हणालो, "सेकंड गिअर जोरात नोको टाकू, अटकते तो."

तो म्हणाला, "मले माहीत हाये," आणि गेला. दिवसातून सहा वेळा मी माझ्याच बससाठी तो दांडा उचलत होतो. शिफ्ट सुटताना मागच्या खिडकीतून कोणीतरी हात उशाला घेऊन झोपल्याची नक्कल करायचं. करा म्हटलं, दात काढा. सहा महिन्यांनी याच गेटमधून बस बाहेर काढताना तुमच्याकडे पाहीन.

मी काहीच खात नव्हतो

जिद्द होती, अक्कल नव्हती. डॉक्टरबाईंनी आहाराच्या मॅडमकडे जायला सांगितलं होतं, ते मी टाळलं. माझं खाणं दुसऱ्याने कशाला ठरवायचं? वजन कमी करायचं म्हणजे कमी खायचं, आणि कमी खायचं म्हणजे उपवास. घरातल्या देवापुढे उभा राहिलो आणि बोललो: बस परत मिळेपर्यंत सोमवार, गुरुवार, शनिवार. शिवाय चतुर्थी आणि एकादशी. रेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी पहिल्यांदाच देवाजवळ काही मागत होतो.

सहा आठवडे एकही उपवास चुकवला नाही. गेटवर लोकांनी समोसा पुढे केला की मी हात जोडायचो. कपाळावर गंध, चेहऱ्यावर तेज. मला अंग हलकं वाटायला लागलं होतं. त्याच तोऱ्यात मी दवाखान्यात गेलो आणि काट्यावर चढलो. एकशे चौदा.

मी सिस्टरला म्हणालो, "काटा बिघडला हाये." तिने स्वतः चढून दाखवलं. काटा बरोबर होता.

आता आहाराच्या मॅडमकडे जाणं भाग पडलं. त्यांनी एक कागद दिला आणि मागच्या आठवड्याचं खाणं वारानुसार लिहायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं. मंगळवारी पोळी, भाजी, वरण, भात. सोमवार, गुरुवार, शनिवार या तिन्ही वारांपुढे लिहिलं, काही नाही.

मॅडमनी कागद पाहिला आणि रेखाकडे वळल्या. "ताई, या 'काही नाही'मध्ये काय काय असते?"

रेखाला कोणीतरी विचारलं याचाच आनंद झाला. "सकाळी साबुदाण्याची उसळ, तूप घालून. दुपारी भगर अन् शेंगदाण्याची आमटी. चार वाजता बटाट्याचा चिवडा, डब्यात देते. संध्याकाळी शिंगाड्याचा शिरा करते, नाही तं जीव कासावीस होते त्यायचा."

"आठवड्याले साबुदाणा किती लागते?"

"दीड किलो. कधी दोन."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी उठून गेलो असतो. त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही साधं जेवले असते तं बरं झालं असतं. उपवास बंद करा."

आपल्याकडे उपवासाचं खाणं कोणी जेवणात धरत नाही. मीही धरलं नव्हतं. दीड महिना मी देवाच्या साक्षीने साखर वाढवत होतो आणि स्वतःला शाबासकी देत होतो. हे इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण माझ्यासारखे आणखी असतील याची मला खात्री आहे.

घरातला तणाव

रेखा मॅडमला म्हणाली होती, "नवस हाये तो. कसा मोडता येते?"  घरी आल्यावर ती मला म्हणाली, "मी जीव लावून खाऊ घातलं, अन् आता दोष बी माह्याच माथी."

मी चिडलेलो होतो. सहामधला दीड महिना गेला होता. मी म्हणालो, "तुह्या तुपानंच माही बस गेली." आजारपणात मी जे जे बोललो त्यात हे सगळ्यात वाईट. ते खरंही नव्हतं. तूप ती वाढायची, चाटून पुसून खायचो मी.

 तिने तुपाची बरणी माळ्यावर ठेवली, स्वयंपाक करून झाकून ठेवला आणि देवळात निघून गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी माझं ताट स्वतः वाढून घेतलं. भात घेतला, मग पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा हात पातेल्याकडे गेला तेव्हा थबकलो. ती वाढत असताना मला कधी मोजायचं कामच पडलं नव्हतं. तो भातही तिच्या माहेरचा, रामटेककडच्या शेतातला, दरवर्षी पोतं भरून येणारा. मी पातेलं झाकलं. भूक होती तशीच होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती देवाजवळ दिवा लावून बसली आणि मला हाक मारली. "काशीले जाणारे लोक आवडीची एखादी वस्तू सोडून येते का नाही? कोणी वांगं सोडते, कोणी पेरू. तुम्ही देवाले साबुदाणा सोडा. उपवास बी सुटते अन् नवस बी राह्यते."

हे तिचं तिने शोधून काढलं होतं. डॉक्टरबाईंना, मॅडमला, मला, कोणालाही सुचलं नसतं. मी ओंजळीत पाणी घेऊन साबुदाणा सोडला. भगर, बटाटा, शिंगाडाही त्याच पाण्यात सोडले. साबुदाण्याचा वडा मला जिवापाड आवडतो, हे देवाला ठाऊक असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाहून रेखाला हसू फुटलं. मग मीही हसलो आणि तिची माफी मागितली.

भिंतीकडेने

त्यानंतर जे केलं ते सांगायला फार साधं आहे. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, अंबाडी, चवळी, मुळा, ताक. भात एक वाटी, तोही मी मोजून घ्यायचा. दिवसाचे आठ चहा दोनवर आणले, बिनसाखरेचे. कारखान्यासमोरच्या टपरीवर सकाळी तर्री-पोहे मिळतात, वर झणझणीत लाल रस्सा ओतलेले. त्या वासाने पहिले दोन आठवडे माझे हाल केले. मी गेटवर उभा राहून त्या टपरीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. टपरीवाला बिचारा मला रोज हात दाखवायचा.

चालायचं कुठे हा प्रश्न होता. वाडीत आमच्या खोलीबाहेर पाऊल टाकलं की गोदामं आणि उभे ट्रक. अमरावती रोडवर चालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. म्हणून मी कारखान्याच्या कंपाउंडच्या आतून, भिंतीकडेने चालायला लागलो. ड्युटीच्या आधी एक तास. पहिल्या दिवशी अर्धा फेरा झाला आणि मी पाण्याच्या टाकीजवळ बसलो.  मेमध्ये तर सकाळी सातलाच भिंत तापायची, म्हणून मी साडेपाचला यायचो. लोक म्हणायचे, विलासभाऊ भिंतीची राखण करून राहिले. मी म्हणायचो, हो, करून राहिलो, तुले काही त्रास हाये का?

सल्ले देणाऱ्यांची तर रांग लागली होती. एकाने लिंबू-मध सांगितलं, दुसऱ्याने कडू काढा. अकाउंट्समधल्या एका गृहस्थाने डब्यातली पावडर विकायला आणली. दोन वेळा हीच प्यायची, जेवायचं नाही, महिन्यात पंधरा किलो. मी त्यांना म्हणालो, साहेब, दीड महिना न जेवण्याचा प्रयोग माझा करून झाला आहे.

नाकाचं मशीन मात्र मी इमानाने लावत होतो. पहिल्यांदा लावलं तेव्हा गुदमरल्यासारखं झालं आणि मी ते भिरकावणार होतो. पण आठवड्याभरात एका सकाळी डोकं न दुखता जाग आली. तसं मला किती वर्षांनी वाटलं ते सांगता येणार नाही. रेखा स्वयंपाकघरातून गादी परत घेऊन आली.

सहा महिने संपले

ऑगस्टमध्ये काटा एकशे एकवर आला. एकशे चौदावरून तेरा किलो. मला वाटलं डॉक्टरबाई उठून टाळ्या वाजवतील. त्यांनी पुन्हा तारा लावून झोपवलं, कागद पाहिले आणि सही केली नाही. "खूप चांगलं चाललं आहे. पण श्वास अजून अडकतो. अजून वेळ लागेल."

तो दीड महिना मला त्या दिवशी भोवला. तो वाया गेला नसता तर कदाचित सही झाली असती.

मॅनेजर साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "विलास, गेटवर बरा आहेस ना? सावलीत बसायचं, जबाबदारी नाही. आता वयही झालं. कायमचं करून टाकू?"

मी उभा राहिलो. "साहेब, मी दांडा उचलाले नाही आलो इथं. तीन महिने द्या. नाही जमलं तं मी सोताच लिहून देतो."

त्यांनी दिले, आणि बजावलं की हे शेवटचे.

सप्टेंबरात सासुरवाडीला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आमच्याकडे त्या पंगतीत जावयाने पोळी नाकारणं म्हणजे भांडण उकरून काढणं. पुरणपोळी, तुपाची वाटी, कढी, वडे, सोळा भाज्या. मी एक पोळी प्रसाद म्हणून घेतली आणि ताटावर दोन्ही हात आडवे धरले. सासूबाईंनी माझ्या हातांवरच दुसरी पोळी ठेवली. वर तुपाची धार धरली.

"वाळून गेला माहा जावई," त्या म्हणाल्या. "आमच्या दारातून उपाशी उठता का?"

पंगत माझ्याकडे पाहत होती. तूप मनगटावरून ओघळत होतं. उठावं तर अपमान, खावं तर पुन्हा तीच वाट. मी काही बोलायच्या आत रेखा वाढता वाढता थांबली. हातातलं भांडं तिने खाली ठेवलं.

"आई, ते झोपेत मरून राहिले होते. तुले जावई पाह्यजे का त्याईनं पोळी खाल्ली पाह्यजे, ते सांग. जबरदस्ती केली तं मी बी जेवत नाही."

आपल्या आईला सगळ्यांसमोर असं बोललेली रेखा मी कधी पाहिली नव्हती. सासूबाईंनी पोळी उचलली आणि पुढच्या पानावर वाढली. दुपारभर त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. निघताना मात्र तांदळाच्या पोत्याऐवजी त्यांनी तुरीची डाळ बांधून दिली.

सही

नोव्हेंबरात चौऱ्याण्णव. साखर आवाक्यात, तारांचा कागदही बरा. डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला आणि सही केली. मशीन चालू ठेवायचं, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि झोप आल्यासारखी वाटली की गाडी बाजूला घ्यायची, लाज बाळगायची नाही. मी ते पाळतो. माझं हे वाचणारा कोणी ड्रायव्हर असेल तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे की बायको 'तुम्ही घोरता' म्हणाली तर तिच्याशी भांडू नका, तिला घेऊन दवाखान्यात जा.

देवरावने किल्ली हातावर ठेवली. "सेकंड गिअर अजून अटकते गा," तो म्हणाला. त्याला त्या गाडीची सवय झाली होती, ते मला दिसत होतं. 

मला मिळाली ती थर्ड शिफ्टला सकाळी घरी सोडणारी फेरी. ही फेरी मला पाठ होती. रात्रभर राबलेली माणसं, बस गेटबाहेर पडायच्या आत माना टाकतात. मी मोठ्या दिमाखात बस गेटमधून काढली आणि आरशात पाहिलं. बसमध्ये एकही माणूस झोपलेला नव्हता. सगळे ताठ बसून माझ्या मानेकडे पाहत होते. 

मला राग आला. नऊ महिने मी भिंतीकडेने काय उगाच फिरलो होतो? पण मग मला ती दुपार आठवली. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून डोळे मिटले होते आणि मी पण मिटले होते. त्यांच्या जागी मी असतो तर त्या बसमध्ये चढलोच नसतो.

तिसऱ्या सीटवरचे एक वयस्कर ऑपरेटर म्हणाले, "विलासभाऊ, तुम्ही बोलत राहा ना. म्हंजे आमाले समजते."

म्हणून मी बोलायला लागलो. रोज सकाळी, गेटपासून वाडीपर्यंत. साबुदाण्याचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं, साळ्याच्या बर्फीचं सांगितलं. ते हसायचे, मधे मधे प्रश्न विचारायचे, पण डोळे कोणी मिटत नव्हतं. त्यांची झोप मी खात होतो हे मला कळत होतं. रस्त्यावर नजर ठेवून मी बोलत राहायचो.

दोन आठवडे झाले असतील. मी भिंतीवरच्या उन्हाचं काहीतरी सांगत होतो आणि त्या ऑपरेटरना विचारलं, "हो की नाही?" उत्तर आलं नाही. आरशात पाहिलं. त्यांची मान खिडकीला टेकली होती. त्यांच्या मागच्या सीटवर दोघं एकमेकांच्या खांद्यावर कलले होते, आणि त्यांच्यामागे शेवटपर्यंत सगळे गाढ झोपले होते.

मी बोलायचा थांबलो. पुढे गतिरोधक होता. तो मी इतका हळू घेतला की कोणाची मान हलली नाही.